दिपालीची फळी भंगारात काढण्याबाबत

ओजिमा, तोक्यो
१८ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप नाना यांस,

गुणवंतचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण शनिवारपासून मला वाकता येत नाही आणि पत्राच्या पहिल्याच ओळीत खोटं नको. कारण पुढे येईलच. आईंचा गुडघा कसा आहे? दिपालीने कळवलं की त्या आता काठीशिवाय फाटकापर्यंत जातात आणि दूधवाल्याशी भांडून परत येतात. वाचून बरं वाटलं. तुमची साखर, नवा चष्मा आणि शेजारच्या बांधकामाविरुद्धचा अर्ज यांची खबरही कळवावी. इकडे थंडी आहे. कपडे दोन दिवस वाळत नाहीत. बाकी माझं ठीक आहे. दिपाली मला रोज संध्याकाळी एक मेसेज करते. उद्या बाटल्या. उद्या जुने कागद. उद्या न जळणारा कचरा, ट्यूबलाइट वेगळी बांध. आमच्या वसाहतीतले कचऱ्याचे वार तिला साताऱ्यात बसून माझ्यापेक्षा चांगले माहीत आहेत. मी सकाळी उत्तर देतो: टाकला. असा आमचा संसार सध्या सुरळीत चालू आहे.

ती ऑक्टोबरात तीन आठवड्यांसाठी तिकडे आली होती, हे तुम्हाला माहीत आहे. आईंची शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, दिवाळी झाली, नाताळ झाला. तिची कंपनी तिला तिकडून काम करू देते. ती परत कधी येणार हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. (आमचं भांडण झालेलं नाही. झालं असतं तर तुम्हाला निदान तारीख सांगता आली असती.) मग नऊ जानेवारीला कचऱ्याच्या मेसेजखाली आणखी एक ओळ आली. स्नोबोर्ड कुणाला तरी देऊन टाक, नाहीतर मोठ्या कचऱ्यात काढ, दाराआड उगाच जागा अडते. जागा अडते हे खरं आहे. घर लहान आहे. पण ज्या माणसाला पुढच्या हिवाळ्यात इथे असायचं आहे तो आपला बोर्ड काढून टाकत नाही, एवढं मलाही कळतं.

इथे मोठा कचरा टाकण्यासाठी आधी फोन करून वेळ घ्यावी लागते. वस्तू काय आहे ते सांगायचं, मग कोपऱ्यावरच्या दुकानातून पैसे भरल्याची चिकटपट्टी आणायची, तिच्यावर आपलं नाव लिहायचं, ती वस्तूला लावायची आणि ठरल्या दिवशी सकाळी आठच्या आत खाली ठेवायची. मी फोन केला. सत्तावीस फेब्रुवारी मिळाली. चिकटपट्टीही आणली. पण नाव लिहायला बसलो तेव्हा कुणाचं लिहायचं ते ठरेना. वस्तू तिची, टाकणारा मी. पट्टी कोरीच फ्रिजवर लावून ठेवली. (इथे लोक फ्रिजवर मुलांची चित्रं लावतात.)

याच सुमारास संक्रांतीला तुमचा फोन आला. तिळगूळ झाल्यावर तुम्ही म्हणालात, गुणवंतराव, दिपा म्हणते ती फळी भंगारात निघाली, तुम्ही चालवून बघितलीत का? मी म्हटलं, नाही. तुम्ही विचारलंत, एकदाही? मी म्हटलं, एकदाही. मग सांगितलंत की एसटीच्या कार्यशाळेत चौतीस वर्षांत तुम्ही एकही गाडी स्वतः चालवल्याशिवाय निर्लेखित केली नाही, म्हणजे भंगारात काढली नाही. आधी चालवायची, मग लिहायचं, आणि लिहायचं ते कागदावर, कारण फोनवरचं ऐकू येत नाही. मी पंधरा वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचं काम करतो. तपासणी अहवाल कसा लिहितात ते मला येतं. म्हणून हे पत्र.

अहवालात वाहन इतके दिवस उभं का होतं याचं कारण आधी द्यावं लागतं, हेही तुम्हीच सांगितलंत. वाहन उभं नव्हतं. पाच हिवाळे दिपाली दर शनिवारी पहाटे फळी खांद्याला लावून निघायची आणि रात्री परत यायची. पहिली तीन वर्षं ती मला विचारायची. मी म्हणायचो, या शनिवारी रिलीज आहे, पुढच्या शनिवारी नक्की. चौथ्या वर्षी तिने विचारणं बंद केलं. मला सुटल्यासारखं वाटलं. सासऱ्यांना लिहावं असं हे नाही. पण रकाना होता, भरला.

गेल्या शनिवारी गेलो. ऑफिसमधल्या प्रल्हादने आपली बर्फात घालायची विजार दिली. त्याचा आकार तुम्ही फोटोत पाहिला आहे. विजार मला बगलेपर्यंत आली. पहाटेच्या गाडीत फळी कुठे ठेवायची ते कळेना. इथे सामान दुसऱ्याला लागलं तर लागणारा माणूस आधी माफी मागतो. ओजिमापासून तोक्यो स्टेशनपर्यंत माझी सात जणांनी माफी मागितली. मग वेगवान गाडीने सव्वा तासात एक लांब बोगदा संपला आणि पलीकडे सगळं पांढरं होतं. दिपाली सांगायची की त्या बोगद्याच्या टोकाला डब्यातलं बोलणं एकदम थांबतं. थांबलं. मी शेजारी पाहिलं. शेजारी फळी होती.

डोंगरावर होरी-सान म्हणून त्रेसष्ट वर्षांच्या बाई शिकवतात. दिपालीलाही त्यांनीच शिकवलं. मी नाव सांगण्याआधी त्यांनी फळी ओळखली आणि नंतर माझ्याकडे पाहिलं. तुम्ही ते शनिवारी काम असणारे, असं त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, चटणी? मला कळेना. तेव्हा समजलं की दिपाली दर खेपेला डब्यात शेंगदाण्याची चटणी नेत असे आणि खाणावळीतल्या भात-करीवर सगळ्यांना वाढत असे; डिसेंबरपासून, म्हणजे या हंगामाच्या सुरुवातीपासून, लोक वाट पाहत आहेत. मी म्हटलं, आणली नाही. होरी-सान म्हणाल्या, मग तुम्ही काय आणलंत? हा प्रश्न त्यांनी अगदी साधेपणाने विचारला. मी त्यावर अजून विचार करतो आहे.

आता वाहन. लांबी एकशे सेहेचाळीस सेंटिमीटर, माझ्या उंचीला आखूड. या फळ्यांच्या जाती असतात. काही फक्त दाबून सपाट केलेल्या उतारावर वेगाने जाण्यासाठी, काही खोल भुसभुशीत बर्फासाठी, काही उड्यांसाठी. दिपालीची जात दुकानात ऑल-माउंटन फ्रीस्टाइल म्हणून मिळते. म्हणजे डोंगरावर कुठेही न्या, आणि वाटलं तर उडीही मारा. तुमच्या भाषेत, साधी लाल गाडी: घाट चढते, खेड्यात जाते, मे महिन्यात वऱ्हाडालाही लावता येते, कशातच पहिली नाही आणि कुठे अडतही नाही. पुढचं आणि मागचं टोक अगदी सारखं. त्यामुळे तिला रिव्हर्स गिअर नाही, कारण तिला मागची बाजूच नाही. फिरली की जे मागे होतं ते पुढे. दिपालीने इतक्या फळ्यांतून हीच का निवडली, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. तिने पावती दाखवली आणि मी हमी किती वर्षांची आहे ते पाहिलं.

ब्रेक नाही. हे वाचून तुम्ही चष्मा काढाल, पण खरंच नाही. थांबायचं असेल तर सबंध गाडी रस्त्यात आडवी करायची आणि वरची कड रोवायची. तुमच्या डेपोत असं थांबणाऱ्या चालकाला तुम्ही निलंबित केलं असतंत. इथे त्याला शाबासकी मिळते. स्टिअरिंगही नाही. पुढच्या पायावर भार द्यायचा आणि जिकडे जायचं तिकडे बघायचं. जिकडे बघाल तिकडे ती जाते. ऐकायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात माणूस ज्याला घाबरतो त्याच्याकडेच बघतो. मी कुंपणाच्या जाळीकडे पाहिलं आणि जाळीत गेलो. बर्फ फवारणाऱ्या यंत्राकडे पाहिलं, त्याला जाऊन भिडलो. एक म्हातारं जोडपं घोंगडी अंथरून भाताचे गोळे खात बसलं होतं. त्यांच्याकडे बघायचं नाही असं मी फार जोरात ठरवलं. आजींनी डबा वेळेवर उचलला. आजोबांनी मला एक गोळा दिला, आतमध्ये आंबट आलुबुखार होता. होरी-सान वरून ओरडत होत्या, पायांकडे नका बघू, पायांकडे बघितलंत की आहात तिथेच पडाल. त्याही वेळा मोजल्या आहेत. एकूण सतरा.

इथे एक तांत्रिक बाब नोंदवली पाहिजे. फळीवर आडवं उभं राहायचं असतं आणि कुणाचा डावा पाय पुढे असतो, कुणाचा उजवा. कुणाचा कुठला हे ओळखायची पद्धत अशी: शिकवणारा तुमच्या मागे उभा राहतो आणि बेसावध असताना ढकलतो, जो पाय आपोआप पुढे पडतो तो पुढचा. होरी-सान कमरेत वाकल्या, क्षमा मागितली आणि मला ढकललं. माझा डावा पडला. दिपालीचा उजवा पुढे असतो. तिच्या फळीवर पाय बांधायचे पट्टे त्याप्रमाणे बसवलेले आहेत. (माझा पाय लहान आहे हे तुमच्या घराला ठाऊक आहे, लग्नात दिपालीच्या मावसबहिणींनी लपवलेले माझे बूट एखाद्या मुलाचे समजून परत आणून ठेवले होते. तो पाय पहिल्यांदाच उपयोगी पडला. भाड्याचे बूट तिच्या पट्ट्यांत बसले.) होरी-सान म्हणाल्या, आठ स्क्रू आहेत, पाच मिनिटांत फिरवून देते, आणि खिशातून पाना काढला. पट्ट्याच्या बाजूला कागदी चिकटपट्टीवर निळ्या पेनाने लिहिलं होतं: उ १५, डा ६. कुठला पाय किती अंशांत, याची नोंद. अंक मराठी. पाच वर्षांच्या बर्फाने पुसले नव्हते. मी म्हटलं, नको. त्या म्हणाल्या, उलट्या पायाने दिवसभर पडाल. मी त्यांना तुमचा नियम सांगितला, तपासणीत गाडी ज्या अवस्थेत आली त्याच अवस्थेत चालवायची. असा तुमचा नियम आहे की नाही मला माहीत नाही. नसेल तर करून घ्यावा. त्यांनी पाना पुन्हा खिशात ठेवला.

दुपारी त्याच म्हणाल्या की पडणाऱ्या माणसाचा अहवाल पडण्याबद्दलच असणार. फळीबद्दल हवा असेल तर थांबा. त्यांनी दिपालीची फळी घेतली, पायांचं माप तेच, पुढचा पायही उजवाच, आणि वर गेल्या. मी खाली वही घेऊन उभा राहिलो. दाबलेल्या कडक बर्फावर ती कडेवर चालते आणि मागे पेन्सिलीची असावी इतकी बारीक रेघ सोडते. घसरत नाही. वेग फार वाढला की पुढचं टोक थरथरतं, हे मला खालूनही दिसलं. बाजूच्या न दाबलेल्या बर्फात टोक बुडू लागलं. होरी-साननी भार मागे नेला तेव्हा ते वर आलं, म्हणजे खोल बर्फ हे तिचं घर नाही, पण पाहुणी म्हणून निभावते. मधला भाग कमानीसारखा आहे, दाबला की दाब परत करतो. एका उंचवट्यावर तो परत केलेला दाब घेऊन त्या हवेत गेल्या, अर्ध्या फिरल्या, उलट्या उतरल्या आणि तशाच पुढे चालल्या, जणू उलट असं काही नसतंच. टोकं जराशी वर उचललेली आहेत, त्यामुळे लहान चुका ती माफ करते, असं त्यांनी नंतर सांगितलं. मी विचारलं, मोठ्या? त्या म्हणाल्या, फळी आहे ती.

एक गोष्ट वहीत लिहिली नाही, इथे लिहितो. होरी-सान दिपालीच्याच उंचीच्या आहेत. वरून येताना चेहरा झाकलेला असतो. उजवा खांदा पुढे, डावा हात जरा मागे आणि सैल, अशी एक आकृती डोंगरावरून माझ्याकडे येत होती. दिपाली असा हात मी दार उघडल्यावर चप्पल काढताना ठेवते. मला वाटायचं, तो थकव्याचा आहे. तो तोल आहे. अर्धं मिनिट मी काही टिपून घेतलं नाही, म्हणून अहवालात तेवढ्या उताराची माहिती कमी आहे.

फळीच्या तळाला एक लांब ओरखडा आहे. पहिल्या वर्षी दिपाली बांबूच्या खुंटावरून गेली होती आणि त्यावर दोन दिवस हसत होती, असं त्या म्हणाल्या. मला हे माहीत नव्हतं. कदाचित तिने सांगितलंही असेल.

शेवटी त्यांनी मला एकदा तारेवरच्या पाळण्यात बसवून वर नेलं. पाळणा दोघांचा असतो, फिरत राहतो, थांबत नाही. होरी-सान म्हणाल्या, जरा सरका, दिपाली-सान त्या कडेला बसायची. मी विचारलं, एकटीच? त्या म्हणाल्या, एकटीच. मी किती वेळा सांगितलं, एकट्या माणसाने मधे बसायचं, पाळणा कलतो. ती म्हणे, सवय झाली आहे. वर उतरताना मी पडलो, पाळणा बंद करावा लागला आणि लाउडस्पीकरवरून डोंगरावरच्या सगळ्या लोकांची माफी मागण्यात आली. पडलो मी होतो. माफी यंत्राने मागितली. वरून पलीकडचे डोंगर दिसतात, त्यांच्यामागे आणखी डोंगर. दिपाली मला त्यांचे फोटो पाठवायची. मी अंगठा पाठवायचो.

तर निष्कर्ष. फळी तुमच्या नियमाप्रमाणे स्वतः चालवली. वाहन चालू स्थितीत आहे. कडा शाबूत, कमान शाबूत, तळाला एक जुना ओरखडा, चालण्यावर परिणाम नाही. उणिवा: फार वेगात थरथरते, खोल बर्फात भार सांभाळावा लागतो. दोन्ही निर्मात्यापासूनच्या आहेत, वापरामुळे नाहीत. देखभाल मूळ चालकाने उत्तम ठेवली आहे. दुसऱ्या चालकाची तयारी शून्य. शिफारस: निर्लेखन करू नये. खाली तुमच्या शेऱ्यासाठी जागा सोडली आहे. लाल पेनानेच लिहावं, निळ्याची सवय नसेल तुम्हाला.

कळवण्यासारखं एवढंच होतं. आईंना नमस्कार सांगा. तुमचा लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवायला सध्या माझ्याकडे कारण नाही.

तुमचा जावई,
गुणवंत

ता. क. वर जिथे ‘चालवली’ असं आहे तिथे ‘तिच्यावर उभा राहिलो’ असं वाचावं. मी लहान मुलांच्या उताराच्या पलीकडे गेलो नाही. पाळण्याने वर गेलो ते खरं, पण खाली पाळण्यानेच आलो. उलट दिशेने पाळण्यात बसून येणारा त्या दिवशी मी एकटाच होतो आणि वर जाणारे सगळे लोक मला नमस्कार करत होते.

ता. क. २. सत्तावीस तारखेची कचऱ्याची वेळ रद्द केली. फोनवरच्या बाईंनी कारण विचारलं नाही, तरी मी सांगितलं. त्या म्हणाल्या, समजलं. मग म्हणाल्या, चिकटपट्टी जपून ठेवा, दुसऱ्या वस्तूला चालते. घरात फिरून पाहिलं. टाकण्यासारखं काही सापडलं नाही.

ता. क. ३. नाना, हे पत्र पुन्हा वाचून पाहा. दिपालीने इकडे परत यावं असं मी त्यात कुठेही लिहिलेलं नाही. माझा करार एकतीस मार्चला संपतो. पुढच्या वर्षाचा कागद महिनाभर टेबलावर पडून आहे, त्यावर सही केलेली नाही. तीन एप्रिलला साताऱ्याला पोचेन असं तिकीट काढलं आहे, परतीचं काढलेलं नाही. फळी बरोबर आणतो. साताऱ्यात बर्फ पडत नाही हे मला माहीत आहे. वरची खोली रिकामी असेल तर तिथे राहीन, नसेल तर बसस्टँडसमोर लॉज आहेत. तेवढं दिपालीला विचारून कळवा, मी आलेलं चालेल का. हे मला स्वतः विचारता आलं असतं, तर एवढं मोठं पत्र लिहावं लागलं नसतं.